स्कीचा बूट नडगीला लागतो, घोट्याला चावतो तेव्हा काय करायचं

स्कीइंग शिकायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोजा खाली सरकवला, तर नडगीवर मोज्याची वीण जशीच्या तशी उमटली होती. त्या ठशाच्या मधोमध बोटभर लांबीचा निळसर लाल पट्टा होता. अंथरुणात पांघरूण घासलं तरी कळ यायची. बूट फार घट्ट होतोय असं समजून दुसऱ्या दिवशी मी वरची दोन्ही बकलं एकेक दात सैल केली. दुपारपर्यंत उतारावर धड उभंही राहवेना.

त्या संध्याकाळी एका अनुभवी बूटफिटरने, म्हणजे बूट पायाला जुळवून देणाऱ्या कारागिराने, बुटातलं लायनर (आतला मऊ भाग) उपसून बाहेर काढलं. नुसत्या प्लास्टिकच्या शेलमध्ये मला अनवाणी पाऊल ठेवायला लावलं आणि टाचेच्या मागे बोटं घातली. दोन बोटं आत गेली आणि वर जागा उरली. बूट घट्ट नव्हताच. तो चांगला एक माप मोठा होता, आणि मी तो आणखी सैल करून दुखणं वाढवत होते.

पुढे जे काही सांगणार आहे त्यातलं बरंचसं या एका गोष्टीवर उभं आहे: नडगी दुखते ती बहुतेक वेळा पाय बुटात हलतो म्हणून. त्यामुळे गादी, जेल, पट्ट्या यांच्याकडे वळण्याआधी पाय कुठे हलतोय ते शोधायचं. घोट्याचं गणित थोडं वेगळं आहे, तेही ओघात येईल.

नडगीवर नेमकं काय होतं

आपल्या नडगीला हात लावून बघा. पोटरीच्या बाजूला मांस आहे, पण पुढे आतल्या अंगाला कातडं आणि त्याच्या लगेच खाली हाड. मध्ये चरबी जेमतेम, स्नायू नाही. हाडावर एक पातळ आवरण असतं आणि त्यात वेदना पोचवणाऱ्या नसा भरपूर असतात. खाटेच्या कडेला नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे का चमकतात, त्याचं कारण हेच.

आता स्कीचा बूट. तो म्हणजे एक तरफ आहे. गुडघा पुढे गेला की नडगी बुटाच्या जिभेवर दाब देते, तो दाब शेलमधून स्कीच्या पुढच्या भागात जातो आणि स्की वळते. म्हणजे नडगीचा जिभेवर दाब हवाच, त्याशिवाय स्कीइंग होत नाही. हा दाब सलग आणि पसरलेला असेल तर नडगी तो दिवसभर सोसते. पण नडगी आणि जीभ यांच्यात बोटभर जरी पोकळी राहिली, तर प्रत्येक उंचवट्यावर पाय मागे जातो आणि पुढे येऊन आदळतो. दिवसभरात असे शेकडो ठोके, एकाच जागी. स्कीइंग करणारे याला ‘शिन बँग’ म्हणतात, आणि नावातच आपटणं आहे, दाबणं नाही.

घोट्याला मात्र दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे बाहेर आलेले असतात आणि शेलची भिंत कडक असते. तिथे बहुतेकदा जागा कमी पडते, किंवा पावलाची कमान आत ढळते आणि आतलं हाड भिंतीवर जाऊन टेकतं. थोडक्यात, नडगीची तक्रार असेल तर आधी सैलपणाचा संशय घ्यायचा, घोट्याची असेल तर एखाद्या बिंदूवर पडणाऱ्या दाबाचा.

पायरी पहिली: दुखतं कुठे, ते बोट ठेवून ठरवा

‘पाय दुखतो’ एवढ्यावर काही ठरत नाही. बूट काढल्यावर लगेच, मोजा उतरवून, उजेडात पाय बघा. लाली कुठे आहे, ठसा कुठे आहे, एका बोटाने दाबल्यावर सगळ्यात जास्त कुठे दुखतं, ते दोन्ही पायांचं वेगवेगळं लिहून ठेवा. फोनवर फोटो काढला तर उत्तम, कारण रात्रीतून खुणा फिकट होतात.

बुटाच्या वरच्या कडेच्या रेषेत आडवा पट्टा उठला असेल तर कफ (बुटाचा नडगी-पोटरीभोवतीचा वरचा भाग) सैल आहे, किंवा तुम्ही मागे बसून स्की करताय, किंवा बूट तुमच्या वजनाच्या मानाने फार ताठ आहे. नडगीच्या मधल्या भागात लांबट काळंनिळं पडलं असेल तर पाय आत मागेपुढे होतोय. पावलाच्या पाठीवर, जिथे घोटा वाकतो तिथे, दोरी आवळल्यासारखं वाटत असेल आणि बोटांना मुंग्या येत असतील, तर पावलावरचं बकल जास्त आवळलंय किंवा जीभ तिरकी बसलीय. आतलं घोट्याचं हाड लाल झालं असेल तर कमान ढळतेय का ते बघा. बाहेरचं हाड लाल असेल तर कफचा कल तुमच्या पायाच्या रेषेशी जुळत नसावा. टाचेच्या वर, मागच्या शिरेजवळ सोललं असेल तर टाच उचलली जातेय.

हाड भिंतीवर नेमकं कुठे टेकतं हे शोधायची एक सोपी युक्ती आहे. घोट्याच्या हाडाच्या टोकावर लिपस्टिकचा जाड ठिपका लावा, लायनर काढलेल्या शेलमध्ये पाय घाला, बकल लावल्यासारखं हाताने शेल आवळा आणि गुडघा दोन-तीनदा पुढे न्या. पाय काढल्यावर आतल्या भिंतीवर डाग दिसेल. तीच जागा. बूटफिटरकडे जाल तेव्हा हा डाग पुसू नका.

पायरी दुसरी: माप खरंच बरोबर आहे का

स्कीच्या बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे सरळ सेंटिमीटरमध्ये पावलाची लांबी. भिंतीला टाच टेकवून, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. दुपारनंतर मोजा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. पाऊल 26.3 सेंटिमीटर आलं तर बूट 26.5. रोजच्या बुटांच्या मापावरून अंदाज बांधला की हमखास मोठा बूट गळ्यात पडतो. आपल्याला बोटांपुढे जागा ठेवून चालायची सवय असते आणि स्कीचा बूट तशा चालण्यासाठी केलेलाच नसतो.

इथे एक खाच आहे. बहुतेक कंपन्यांचं शेल पूर्ण मापातच येतं. 26 आणि 26.5 यांचं शेल एकच असतं, फरक असतो तो आतल्या तळव्यात (इनसोलमध्ये) किंवा लायनरमध्ये. म्हणून ‘अर्धं माप लहान देऊन बघा’ असं म्हणून अनेकदा काहीच बदलत नाही.

माप पडताळायची खात्रीची पद्धत तीच, जी माझ्यावर वापरली गेली. लायनर बाहेर काढा, शेलमध्ये अनवाणी उभे राहा, बोटं पुढच्या भिंतीला हलकी टेकवा, गुडघे किंचित वाकवा आणि टाचेमागची जागा बघा. हौशी स्कीअरसाठी दीड सेंटिमीटरच्या आसपास, फार तर दोन. त्याहून जास्त असेल तर कुठल्याही गादीने तो बूट तुमचा होणार नाही. शर्यतीत उतरणारे एक सेंटिमीटरपेक्षाही कमी जागा ठेवतात, आपल्याला तिथपर्यंत जायची गरज नाही.

लायनरसकट बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे लागली पाहिजेत. नवख्या माणसाला इथेच वाटतं की बूट लहान आहे. पण बकलं लावून गुडघे पुढे नेले की टाच मागे सरकते आणि बोटं जराशी मोकळी होतात. वाकल्यावरसुद्धा बोटं दुमडलेली राहत असतील तरच बूट लहान.

रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात: 97-98 अरुंद, 100 मध्यम, 102 ते 104 रुंद. अरुंद पावलाच्या माणसाने रुंद बूट घेतला की पाऊल आत लोळतं. ते आवरायला बकलं करकचून लावावी लागतात आणि मग पावलाची पाठ आणि घोटा दोन्ही ठणकतात. ‘आरामासाठी रुंद’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. रुंद पावलाला रुंद बूट, एवढंच.

ताठपणाचा आकडा, म्हणजे फ्लेक्स, साधारण 60 पासून 130 किंवा त्याच्याही वर असतो. या आकड्याला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक प्रमाण नाही. एकाचा 100 दुसऱ्याच्या 90 सारखा असू शकतो. हलक्या किंवा नवख्या माणसाला फार ताठ बूट दिला तर घोटा वाकतच नाही आणि नडगी भिंतीवर आपटते. उलट वजनदार माणसाला फार मऊ बूट दिला तर तो एकदम शेवटपर्यंत वाकतो आणि तिथे झटका बसतो. गुडघे पुढे नेताना बूट हळूहळू, वाढत्या विरोधाने वाकला पाहिजे.

पोटरीचाही विचार करा. पोटरी बारीक असेल तर कफ शेवटच्या दातावरही सैल राहतो. अशा वेळी बकलची पट्टी किंवा दातांची पट्टी सरकवून लावता येते. बऱ्याच बुटांत तशी जास्तीची भोकं दिलेली असतात. अनेक बायकांच्या पोटरीचा स्नायू खाली, बुटाच्या कडेपर्यंत उतरलेला असतो. तिथे कफ मागून पोटरीला ढकलतो आणि नडगी जिभेवर चिणली जाते. टाचेखाली 3 ते 5 मिलिमीटरचा उंचवटा ठेवला की पाय तेवढा वर येतो आणि बऱ्याचदा दुखणं तिथेच निम्मं होतं. घोटा फारसा वाकत नसेल तर त्यालाही याच उंचवट्याचा उपयोग होतो.

बूट भाड्याने घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दुपारी बूट बदलायला गेलात तर स्कीसुद्धा बरोबर न्या. शेलच्या तळाची लांबी बदलली की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग, पुन्हा लावून घ्यावं लागतं. तसं न करता नवा बूट जुन्या बाइंडिंगमध्ये अडकवणं धोक्याचं आहे, पडल्यावर स्की सुटणार की नाही ते त्यावर ठरतं.

पायरी तिसरी: बुटाच्या आत पाय आणि एक मोजा, बाकी काही नाही

एकच मोजा. पातळ, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, लोकरीचा किंवा लोकरीचं मिश्रण असलेला, पायाला चिकटून बसणारा. दोन जाड मोजे घातले की ते एकमेकांवर सरकतात, सुरकुत्या पडतात आणि एक सुरकुती दिवसभर दाबली गेली की तिचा फोड होतो. शिवाय जाड मोज्याने रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. थंडीसाठी जाड मोजा हा समज फार पसरलेला आहे आणि पहिल्या दिवशीच्या निम्म्या तक्रारी त्यातूनच येतात, असं मला वाटतं.

आतली थर्मल पँट बुटात खोचू नका. तिची शिवण आणि काठ बरोबर नडगीवर येतात. ती बुटाच्या वर संपली पाहिजे, लांब असेल तर वर दुमडून घ्या किंवा पाऊण लांबीची घ्या. बाहेरच्या पँटला आत जे रबरी काठाचं अस्तर असतं ते बुटाच्या बाहेरून ओढायचं, आत नाही. मोजा कोरडा असू द्या. सकाळी मुक्कामावरून निघताना घातलेला मोजा घामाने दमट झाला असेल तर बूट घालायच्या वेळी दुसरा घाला.

पायरी चौथी: बूट घालायची रीत

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माप बरोबर असलेला बूटसुद्धा घाईत घातला तर चावतो.

बूट रात्रभर उबदार खोलीत असले पाहिजेत. गाडीच्या डिकीत गारठलेलं प्लास्टिक इतकं कडक होतं की पाय आत शिरताना पावलाची पाठ सोलवटते, आणि पुढचा तासभर बूट वाकायलाही तयार नसतो.

सगळी बकलं आणि पॉवर स्ट्रॅप (कफच्या वरच्या टोकाचा रुंद पट्टा) पूर्ण उघडा. उभ्याने, एक हात भिंतीला लावून, शेलच्या दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला फाका आणि लायनरची जीभ पुढे आणि जराशी बाहेर ओढून धरा. पाऊल आत सरकवा. मग टाच जमिनीवर दोन-तीनदा मागच्या बाजूला ठोका, म्हणजे ती मागच्या खाचेत बसेल.

आता हात घालून मोजा वर ओढा. नडगीवर तळहात फिरवा, एकही सुरकुती लागता कामा नये. जीभ नडगीच्या मधोमध आहे ना ते बघा. ती एका अंगाला गेली असेल तर तिची कडा हाडावर येते. लायनरच्या कडा जिभेच्या बाहेरून नीट लपेटल्या पाहिजेत. मग पावलावरचे प्लास्टिकचे दोन पदर बघा. खालचा खाली, वरचा वर. ते उलटसुलट अडकले तर प्लास्टिकची धार पावलात रुतते, आणि माणूस दिवसभर बकलाला दोष देत बसतो.

बकलं खालून वर मोजली तर पहिलं बोटांवर, दुसरं पावलाच्या पाठीवर, तिसरं घोट्याच्या वर आणि चौथं सगळ्यात वर. मी सुरुवात चौथ्यापासून करते. ते हलकं लावायचं, पॉवर स्ट्रॅपही हलका आवळायचा, आणि गुडघे पुढे नेऊन आठ-दहा वेळा चांगलं वाकायचं. या वाकण्याने टाच खरी मागे आणि खाली बसते. मग तिसरं बकल, त्यानंतर दुसरं. टाच धरून ठेवायचं मुख्य काम या दोघांचं. पहिलं बकल फक्त प्लास्टिक बंद राहावं इतकंच, कारण बोटांवरचा दाब काहीच धरून ठेवत नाही. शेवटी पुन्हा वर येऊन चौथं बकल एक दात आवळायचं आणि पॉवर स्ट्रॅप मनगटाच्या जोराने ओढून बसवायचा.

एक दात घट्ट आणि एक दात सैल यांच्या मध्ये अडकला असाल तर बकलची तार हाताने फिरवा. बहुतेक बकलांवर ती स्क्रूसारखी फिरते आणि लांबी एका दाताहूनही कमी अंतराने बदलते. ही सोय अनेकांना वर्षानुवर्षं माहीत नसते.

बरोबर बसलंय हे कसं कळतं? उभं राहून गुडघे पुढे न्या. नडगी आणि जीभ सोबत हलल्या पाहिजेत, मध्ये मोकळी जागा जाणवता कामा नये. टाच उचलायचा प्रयत्न करा, ती जागची हलू नये. सरळ उभे राहिलात तरी जीभ नडगीला हलकी टेकलेली असावी. पाऊल घट्ट हातात घेतल्यासारखं वाटलं पाहिजे, चिमटा काढल्यासारखं नाही.

पॉवर स्ट्रॅपबद्दल एक जोड. नडगी सारखी आपटत असेल तर स्ट्रॅप कफच्या प्लास्टिकच्या आतून, थेट लायनरच्या जिभेवरून बांधून बघा. जीभ नडगीला जखडून राहते आणि पोकळी संपते. लवचीक पट्ट्याचा स्ट्रॅप मिळतो, तोही याच कारणाने चांगला. दाब हळूहळू वाढतो.

पायरी पाचवी: उतारावर गेल्यावर

दोन-तीन फेऱ्या झाल्या की थांबा आणि बकलं पुन्हा बघा. लायनर गरम होऊन दबतं, मोजा बसतो, पाय आत स्थिरावतो, आणि सकाळी बरोबर वाटलेला बूट तासाभरात एक दात सैल होतो. आपटणं सुरू होतं ते नेमकं तेव्हाच. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा एकदा.

लिफ्टवर बसलात, रांगेत फार वेळ उभे राहिलात, तर दुसरं बकल उघडून पावलाला दोन मिनिटं मोकळीक द्या. मात्र उतरायला सुरुवात करण्याआधी सगळं पुन्हा लावायचं, टाच ठोकून आणि वाकून. सैल बुटाने ‘एवढी एकच फेरी’ मारण्यात नडगी सगळ्यात जास्त फुटते.

आता शरीराची ठेवण. उतार बघून माणूस घाबरला की कमरेतून मागे बसतो, ते साहजिक आहे. पण मागे बसलं की नडगी जिभेपासून सुटते, पाय मागच्या कफवर रेलतो, मांड्या पेटतात आणि पुढचा उंचवटा आला की पाय झटक्याने पुढे फेकला जातो. मग बूट कितीही महागाचा असो, नडगी काळीनिळी होणारच. घोटे वाकवा, गुडघे पायाच्या बोटांवर आणा, हात पुढे ठेवा. मनात एवढंच धरा की नडगीने जिभेला हलकं टेकून राहायचं आणि वळण घेताना तोच दाब हळूहळू वाढवायचा. सोप्या उतारावर सावकाश जाऊन फक्त याच एका स्पर्शाकडे लक्ष द्या. पाच-सहा फेऱ्यांत फरक कळतो. मला स्वतःला बूट बदलल्यावर निम्मा आराम पडला, उरलेला निम्मा हा सराव केल्यावर.

पायरी सहावी: गादी कुठे लावायची आणि कुठे नाही

माप, मोजा, घालण्याची रीत आणि ठेवण हे चारही बघून झाल्यावरच गादी. आणि गादी लावायची ती दुखऱ्या हाडावर नाही, त्याच्या आजूबाजूला. हाडाच्या टोकावर गादी ठेवली की तिथला उंचवटा आणखी वाढतो आणि दाबही.

घोट्यासाठी 5-6 मिलिमीटर जाडीचा चिकट फोम किंवा फेल्ट घ्या आणि इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा तुकडा कापा. तोंड पुढे, पाठ टाचेकडे, आणि घोट्याचं हाड मधल्या रिकाम्या जागेत. तुकडा कातड्यावर चिकटवायचा नाही, लायनरच्या बाहेरच्या बाजूला लावायचा. जागा ठरवण्यासाठी लायनर शेलबाहेर काढून तेवढंच पायात घाला, बोटाने हाड चाचपा आणि लायनरवर खडूने गोल काढा. फोमच्या कडा कात्रीने तिरप्या उतरवा, नाहीतर काठच बोचेल. हा तुकडा एकाच वेळी दोन कामं करतो. हाडावरचा दाब उतरवतो आणि टाचेच्या वरची पोकळी भरून तिला खाली धरून ठेवतो.

नडगीसाठी जेलची बाही मिळते, ती मोज्याच्या आत घालायची असते. आधीच दुखावलेल्या नडगीला ती चांगला आराम देते. पण ती जाड असेल तर वर पायाचा घेर वाढतो आणि वरचं बकल नीट लागत नाही, हे बघून घ्या. कफ सैल असणाऱ्यांना लायनरच्या जिभेच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे जीभ आणि शेल यांच्या मध्ये, फोमची उभी पट्टी लावून जास्त टिकाऊ फायदा होतो. दाब एका रेषेवर न पडता लांबवर पसरतो.

फोड येईल असं वाटणाऱ्या जागी, तिथे नुसती ऊब जाणवायला लागली की लगेच, फोडांसाठी मिळणारी पातळ जेलची पट्टी कोरड्या कातड्यावर लावा. फोड आल्यावर लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि एका वेळी एकच बदल करा. एक तुकडा लावा, दोन फेऱ्या मारा, मग पुढचं ठरवा. बुटाच्या आत जागा मोजकी असते. एकीकडे भर घातली की दुसरीकडे दाब वाढतो, आणि चार बदल एकदम केले तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

बूटफिटरकडे कधी जायचं

बूट स्वतःचा असेल आणि तेच हाड दर वेळी लागत असेल तर घरी खटपट करत बसू नका. लायनर गरम करून पायावर साचेबद्ध करता येतं. शेल गरम करून त्या बिंदूवर बाहेरच्या बाजूला फुगवता येतं, याला पंच करणं म्हणतात. काही ठिकाणी आतलं प्लास्टिक घासून पातळ करतात. कफचा कल बाजूला थोडा बदलता येतो. कमान ढळत असेल तर आधार देणारा तळवा हा बहुतेकदा पहिला उपाय ठरतो. पाऊल सरळ राहिलं की आतलं घोट्याचं हाड आपोआप भिंतीपासून दूर येतं आणि पंच करायची वेळच येत नाही. म्हणून चांगला बूटफिटर आधी तुम्हाला अनवाणी उभं करून बघतो. हत्यार उचलण्याची घाई करत नाही.

घरी हीट गनने शेल तापवायचा प्रयोग कृपा करून करू नका. प्लास्टिक वेडंवाकडं होतं आणि ते परत येत नाही.

नवं लायनर पहिल्या दहा-पंधरा दिवसांच्या वापरात बरंच दबतं. म्हणून दुकानात नव्या बुटाने सगळीकडून सारखं आवळलं तर चालेल. एकाच बिंदूवर टोचत असेल तर ते आपोआप जाईल अशी आशा धरू नका. आणि जुन्या बुटात नडगी अचानक दुखायला लागली, बकलं शेवटच्या दातापर्यंत पोचली, तर लायनर संपलंय असं समजा. शेल चांगलं असेल तर नुसतं लायनर बदलता येतं.

दुखायला लागलंच असेल तर

बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं लावा, पाय उशीवर उंच ठेवा. दुसऱ्या दिवशी निदान अर्धा दिवस विश्रांती. ठेचलेल्या हाडाच्या आवरणावर पुन्हा ठोके बसले तर चार दिवसांचं दुखणं चार आठवड्यांचं होतं. वेदनाशामक गोळी घेऊन उतारावर जाणं मला अगदी चुकीचं वाटतं. कळ दबते, इजा मात्र चालूच राहते.

काही खुणा दिसल्या तर बूट, गादी हे विषय बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. हाडावर एकाच बिंदूवर तीव्र दुखणं, विश्रांतीतही किंवा रात्री ठणकणं, पायावर भार देता न येणं. बूट काढल्यावर तासाभरानेही पाऊल बधिर राहणं. कातडं फाटून लाली पसरत जाणं. आणि पोटरी किंवा नडगीचा भाग दगडासारखा ताठ होऊन असह्य दुखत असेल, बोटं ताणल्यावर कळ वाढत असेल, तर एक मिनिटही न थांबता रुग्णालयात. आतला दाब वाढून स्नायूंचं रक्त अडलेलं असू शकतं. मधुमेह असलेल्यांनी आणि पावलांची संवेदना कमी असलेल्यांनी दर दोन तासांनी बूट काढून कातडं डोळ्यांनी तपासावं, कारण त्यांना दुखून कळणार नाही.

जाण्याआधीचे सहा आठवडे

घोटा किती वाकतो ते आधी मोजा. भिंतीपासून चार बोटांवर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकत नसेल तर पोटरी ताणायचा व्यायाम रोज, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. भिंतीला पाठ टेकवून, पावलं थोडी पुढे ठेवून, टाचांवर उभं राहून चवडे वर उचलणं हा नडगीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम आहे. 15 वेळा, तीन फेऱ्या. एका पायावर उभं राहणं आणि सावकाश बैठका यांनी उतारावर मागे बसायची वेळ कमी येते.

बूट स्वतःचे असतील तर संध्याकाळी घरात अर्धा-अर्धा तास घाला, बकलं लावून, मधूनमधून वाकत. चालू नका, तळ झिजतो.

दिवस संपल्यावर

लायनर ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी कातडं मऊ पडून लगेच सोलतं. जमत असेल तर ते शेलबाहेर काढून खोलीच्या हवेत वाळवा. थेट हीटरवर किंवा शेकोटीजवळ नको, फोम आकसतो. आतला तळवाही काढून उभा करून ठेवा, त्याच्या खाली सगळ्यात जास्त ओल असते. सकाळी लायनर परत घालताना टाच पूर्ण खाली बसलीय ना आणि जीभ सरळ आहे ना ते हात घालून बघा.

ज्या दिवशी पाय दुखला नाही, त्या दिवशीची बकलं लिहून ठेवा. माझ्या बुटाच्या आतल्या कडेवर मार्करने लिहिलेलं आहे: डावा, वरून तीन, तीन, दोन, एक. उजवा, वरून तीन, चार, दोन, एक. हंगाम संपल्यावर बूट पूर्ण वाळवून, बकलं पहिल्या दातावर हलकी लावून ठेवते. उघडं ठेवलेलं शेल फाकतं, आणि पुढच्या वर्षी ते आकडे जुळत नाहीत.